बाळ पोटात दगावलं आणि आई तुरुंगात गेली

बाळ पोटातच दगावलं, की बहुतेक आया आधी स्वतःला दोष देतात. "मी जड उचललं म्हणून झालं का?", "पपई खाल्ली म्हणून का?" स्त्रीरोगतज्ज्ञांना हे प्रश्न नेहमीचे आहेत. आता अशी कल्पना करा, की हा प्रश्न पोलीस विचारतायत आणि उत्तर चुकलं तर बारा वर्षांची कैद आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात हे खरंच घडलं.

त्याची सुरुवात मागे जाते. १९८०च्या दशकात तिथे 'क्रॅक' हा कोकेनचा ओढता येणारा, स्वस्त प्रकार गरीब वस्त्यांमध्ये पसरला. १९८५ मध्ये गरोदरपणातल्या कोकेनवर एक शोधनिबंध आला. त्यात अवघ्या २३ स्त्रिया होत्या. एवढ्याशा अभ्यासाने फार तर शंका घेता येते, पण वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने त्याची भीती केली. 'क्रॅक बेबी' म्हणजे मेंदू कायमचा बिघडलेली पिढी, असं चित्र उभं राहिलं.

१९८९ मध्ये चार्ल्सटन शहरातल्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने सरकारी वकील आणि पोलिसांशी हातमिळवणी केली. ठरावीक निकषांत बसणाऱ्या गरोदर स्त्रियांची लघवी कोकेनसाठी तपासायची आणि निकाल पोलिसांना कळवायचा. निकष काय होते? तपासणीला उशिरा येणं, वेळेआधी कळा सुरू होणं, वार सुटणं, बाळाची वाढ कमी असणं, बाळ पोटात दगावणं. म्हणजे ज्या बाईला डॉक्टरची सर्वात जास्त गरज, तिच्यावरच संशय. काही जणींना तर बाळंतपणानंतर लगेच बेड्या घालून नेलं. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी एक सोडून सगळ्या कृष्णवर्णीय होत्या. मला विचाराल तर या इतिहासातला सर्वात लाजिरवाणा भाग हाच आहे, कारण इथे पोलीस रुग्णालयात घुसले नव्हते, रुग्णालयच पोलिसांकडे गेलं होतं. मार्च २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून संमतीशिवाय केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे.

पण त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं होतं, की जन्मल्यावर जगू शकेल इतपत वाढलेला गर्भ बालरक्षणाच्या कायद्यात 'मूल' धरायचा. मे १९९९ मध्ये एका तरुण स्त्रीचं जवळजवळ पूर्ण दिवसांचं बाळ पोटात गेलं. तिची आई आदल्या वर्षी अपघातात वारली होती आणि तिला राहायला घर नव्हतं. शवविच्छेदनात कोकेनचे अंश सापडले, आणि वारेला व नाळेला जंतुसंसर्गाची सूज असल्याचंही दिसलं. अशा संसर्गानेही बाळ दगावू शकतं. ज्यूरीने मे २००१ मध्ये जेमतेम पंधरा मिनिटांत तिला बालहत्येची दोषी ठरवलं. शिक्षा वीस वर्षांची, त्यातली बारा प्रत्यक्ष भोगायची.

विज्ञान मात्र तोवर पुढे गेलं होतं. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ घेऊ नका. त्याने वार सुटू शकते, बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मू शकतं. पण एखाद्या बाळाच्या बाबतीत 'कोकेन सापडलं, म्हणून कोकेननेच गेलं' असं ठामपणे म्हणता येत नाही. कितीतरी मृत जन्मांचं कारण सगळ्या तपासण्या करूनही सापडत नाही. आणि 'बिघडलेल्या पिढी'चं काय झालं? फिलाडेल्फियात १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेल्या सव्वादोनशेच्या आसपास मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. कोकेनच्या संपर्कात आलेली आणि न आलेली गरीब घरातली मुलं जवळपास सारखीच निघाली. दोन्हीकडे खरं नुकसान गरिबीने केलं होतं.

त्या स्त्रीच्या वकिलाने हे नवं संशोधन ज्यूरीसमोर नीट मांडलंच नाही, या कारणाने २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्यायालयाने दखल घेतलेल्या अभ्यासांनुसार कोकेनचा धोका निकोटिन, अपुरं पोषण किंवा तपासणीचा अभाव यांपेक्षा जास्त नव्हता. निकोटिन म्हणजे आपल्याकडची तंबाखू आणि मिश्रीसुद्धा बरं का! मिश्री लावत असाल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. ती सुटण्यासाठी मदत मिळते आणि बाळाच्या वजनावर जास्त लक्ष ठेवता येतं. सांगायची भीती वाटली, की बाई तपासणीलाच येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये शिक्षेच्या धोरणांना विरोध केला, त्यामागे हेच मोठं कारण होतं.

नवा खटला टाळण्यासाठी त्या स्त्रीने मनुष्यवधाचा कमी गंभीर गुन्हा कबूल केला. भोगलेली शिक्षा पुरेशी मानून तिला सोडण्यात आलं. तोवर सात वर्षं गेली होती. अलाबामा राज्यात मात्र घरात अमली पदार्थ बनवणाऱ्यांपासून मुलांना वाचवण्यासाठी २००६ मध्ये केलेला कायदा गरोदर स्त्रियांनाच लावला जाऊ लागला, आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं.