आवरणयुक्त नॅनोकण आणि स्तनकर्करोगाचा चयापचय

स्तनाच्या कर्करोगपेशींची ग्लुकोज वापरण्याची पद्धत बदलते. या बदलावर नेम धरून, खास आवरण चढवलेल्या अतिसूक्ष्म कणांतून औषध पोहोचवण्याची एक उपचारदिशा आहे.

निरोगी पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करतात. कर्करोगपेशी मात्र ऑक्सिजन असूनही बरेचसे ग्लुकोज लॅक्टेटपर्यंतच नेतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवले, म्हणून याला वारबुर्ग परिणाम म्हणतात. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे) निव्वळ २ रेणू हाती लागतात. पूर्ण ज्वलनाच्या तुलनेत व्यवहार तोट्याचा दिसतो. पण मधल्या टप्प्यांवरची संयुगे नव्या पेशींच्या बांधणीला लागतात.

हा बदल घडतो कसा, याचा एक महत्त्वाचा धागा भोपाळमध्ये सापडला. तेथील 'आयसर' (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, स्थापना २००८) येथील संजीव शुक्ला यांच्या गटाने २०१७ मध्ये पीकेएम या जनुकावरील संशोधन प्रसिद्ध केले. या जनुकापासून पायरुव्हेट कायनेज या विकराची दोन रूपे बनतात: नवव्या एक्सॉनपासून (जनुकाच्या संकेतखंडापासून) पीकेएम१, दहाव्यापासून पीकेएम२. वारबुर्ग परिणामाला चालना मिळते ती पीकेएम२मुळे. स्तनकर्करोगात दहाव्या एक्सॉनवर डीएनएचे मेथिलीकरण होते (म्हणजे त्याला मेथिल गट जोडले जातात), तेथे 'बोरिस' हे प्रथिन बसते आणि पीकेएम२चे प्रमाण वाढते. मेथिलीकरण रोखले किंवा बोरिस घटवले, की पेशी पीकेएम१कडे वळतात. बदल उलटवता येतो, हेच या कामाचे मोल.

अडचण पुढेच आहे. ग्लुकोज मेंदूलाही लागते. त्याचा वापर सरसकट अडवणारे औषध निरोगी अवयवांनाही घातक ठरेल. आवरणाची गरज इथे पडते. हायलुरॉनिक आम्लाचे आवरण अनेक कर्करोगपेशींवर विपुल असलेल्या सीडी४४ या ग्राहीला चिकटते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलमुळे कण भक्षकपेशींच्या तावडीतून बराच काळ सुटतात. काही आवरणे गाठीभोवतीच्या आम्लतेत सुटतात आणि औषध मोकळे होते. ती आम्लता मुख्यतः या बदललेल्या चयापचयातूनच येते.

अमेरिकेत डॉक्सिल या औषधाला १९९५ मध्ये, तर पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अब्राक्सेनला २००५ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही नॅनोऔषधेच, पण त्यांतून जाते ते जुनेच रसायनोपचाराचे औषध. चयापचयावर नेम धरणारे कण अजून मुख्यतः पेशी आणि उंदरांवरील प्रयोगांतच आहेत. म्हणून रुग्णांनी 'नॅनो' नावाच्या जाहिरातींमागे जाऊन शस्त्रक्रिया, किरणोपचार वा रसायनोपचार लांबवू नयेत.