नैनी जेलमधली वाढदिवसाची भेट

२६ ऑक्टोबर १९३०. अलाहाबादजवळच्या नैनी मध्यवर्ती तुरुंगात एक कैदी आपल्या मुलीला पत्र लिहीत होता. मुलगी त्या दिवशी तेरा वर्षांची झाली होती. कैदी होते जवाहरलाल नेहरू आणि मुलगी इंदिरा प्रियदर्शिनी. इंदिरेचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७चा; पण घरात वाढदिवस संवताच्या तिथीप्रमाणे साजरा होई, म्हणून त्या वर्षी तो ऑक्टोबरात आला. हिजरी तारखा पाळणाऱ्या आपल्या घरांना तारखांचे हे सरकणे नवे नाही.

नेहरू ११ ऑक्टोबरला सुटले होते आणि १९ ऑक्टोबरला पुन्हा पकडले गेले. अवघ्या आठवड्याभराने लेकीचा वाढदिवस आला. तुरुंगातल्या बापाकडे द्यायला काय असणार? त्यांनी तिला लिहिले की, हाताला लागेल अशी वस्तू मी पाठवू शकत नाही; माझी भेट मनाची आहे आणि तिला तुरुंगाच्या उंच भिंती अडवू शकत नाहीत.

या भेटीचे मोल कळायला ते वर्ष पाहावे लागते. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात आला. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरवले ते १४! म्हणजे इंदिरेच्या वयाची मुलगी कायद्याच्या नजरेत लग्नापासून फक्त एक वर्ष दूर होती. एवढ्या माफक सुधारणेवरही देशभर गदारोळ झाला. सनातनी हिंदूंनी धर्मशास्त्र पुढे केले, तर अनेक उलेमांनी शरियत. बॅरिस्टर जिनांनी मात्र कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा दिला होता. तेरा वर्षांच्या मुलीचे काय करायचे, याचा निकाल मोठी माणसे लावत होती. तिला काय वाटते, हे विचारण्याची रीत नव्हती. खुद्द नेहरूंच्या पत्नी कमला लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या.

अशा काळात हा बाप मुलीला उपदेश करायचे नाकारतो. शहाणपणाचे डोस पाजणे मला आवडत नाही, असे तो सांगतो. जोन ऑफ आर्कची गोष्ट वाचून तू किती भारावून गेली होतीस, याची आठवण देतो. तुझी आई फार धीराची आहे, हेही लिहितो. मग तिच्या हाती एकच कसोटी ठेवतो: योग्य काय नि अयोग्य काय याचा संभ्रम पडला, तर लपवावेसे वाटेल असे काही करू नकोस. लपवण्याच्या इच्छेमागे भीती असते आणि भीती वाईट.

मुलीच्या स्वभावाचे कौतुक दोन प्रकारे करता येते. एक, ती किती गुणाची, किती आज्ञाधारक, हे चारचौघांत सांगणे. दुसरे, निर्णय तिच्यावर सोपवणे. नेहरूंनी दुसरा मार्ग निवडला.

या पत्रापासून सुरू झालेली माला ऑगस्ट १९३३पर्यंत चालली. १९६ पत्रे झाली आणि १९३४ साली त्यांचे ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ हे पुस्तक निघाले. हाताशी ग्रंथालय नव्हते. वह्यांत केलेली टिपणे आणि स्मरण यांवर बरेच काम भागवले. त्यातला मोठा काळ इंदिरा पुण्यात, वकील दांपत्याच्या शाळेत शिकत होती. सप्टेंबर १९३२मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले, तेव्हा ती त्यांना भेटली. ती खुशाल असल्याची तार गांधीजींनी तिच्या वडिलांना केली. बाप तुरुंगात, लेक वसतिगृहात आणि तिची खबर देणारा माणूसही तुरुंगात, असे ते दिवस होते.

या पत्रांत पैगंबरांचा काळ आहे, बगदाद आहे, कॉर्डोबा आहे. इस्लामने दिलेल्या बंधुत्वाच्या आणि समतेच्या संदेशाची दखल आहे. इस्लाम म्हणजे केवळ महमूद गझनीची स्वारी नव्हे. त्याच्या कितीतरी आधी अरब व्यापारी आणि प्रवासी इथे येत होते, मशिदी बांधत होते, हेही आहे. एका हिंदू घरातल्या मुलीला तिचा बाप तुरुंगातून हे शिकवत होता. आज घराघरांतल्या मुलामुलींना शेजाऱ्याचा इतिहास व्हॉट्सअॅपवरून कळतो, तेव्हा त्या भेटीची किंमत अधिक जाणवते.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. २५ जून १९७५च्या रात्री याच मुलीने, पंतप्रधान म्हणून, देशावर आणीबाणी लादली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. एप्रिल १९७६मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला मुस्लिम वस्तीवर बुलडोझर आणि गोळ्या चालल्या. सक्तीच्या नसबंदीची दहशत गावोगावी पसरली. लपवावे लागेल असे काही करू नकोस, ही तेराव्या वाढदिवसाची कसोटी तिथे सपशेल मोडली.

मग ती भेट वाया गेली का? मला तसे वाटत नाही. आणीबाणीचा न्याय करताना आपण जे माप वापरतो, ते त्याच पत्रात सापडते. बापाने लेकीला दिलेले माप लेकीलाही लावता येते. मात्र ते लावायचे धैर्य वाचणाऱ्यात हवे.

आपल्याकडे वाढदिवस करावा की नाही, यावर अजून वाद होतात. केक कापणे शरियतला धरून आहे का, यावर तासन्तास बोलणारे वालिद मुलीची दहावीनंतरची तालीम एका वाक्यात संपवतात. हजरत फातिमा आल्या की पैगंबर उठून उभे राहत, त्यांना आपल्या जागी बसवत, असे हदीस सांगते. मुलींना जिवंत पुरणाऱ्या समाजात ते उठून उभे राहणे साधी गोष्ट नव्हती. वाढदिवस करा किंवा करू नका. पण तेरा-चौदा वर्षांच्या लेकीसमोर या वर्षी एक पुस्तक ठेवा, तिचे मत विचारा आणि ते आपल्याविरुद्ध गेले तरी पूर्ण ऐकून घ्या.