घरी बांधायचा व्हॉल्व अ‍ॅम्प्लिफायर : प्रस्तावना

ध्वनिवर्धकाची पाठ्यपुस्तके एका अपेक्षेवर उभी असतात : आत गेलेला संकेत जसाच्या तसा, फक्त मोठा होऊन बाहेर यावा. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून कोणी ही अपेक्षा करत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा क्षीण संकेत निर्दोष यंत्रातून वाढवून ऐकला, तर तो कोरडा आणि अंगचोर वाटतो. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो त्याचा मोठा भाग व्हॉल्व, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांनी मिळून घडवलेला असतो. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर तारेला घोडीपासून पूर्ण मोकळे कधीच सोडत नाही. तिचा हलका स्पर्श होत राहील असा उतार तो घासून देतो आणि स्वराला भरलेपण तिथूनच येते. व्हॉल्व अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा तेच काम विद्युतदाबांच्या भाषेत करतो. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने स्वतःला वाद्य घडवणाऱ्यांच्या पंगतीत बसवावे, असे मला मनापासून वाटते.

या क्षेत्राचा इतिहास दोन विरुद्ध इच्छांचा आहे. 1904 मध्ये फ्लेमिंगने दोन अग्रांचा व्हॉल्व केला, 1906 मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात तिसरे अग्र म्हणजे ग्रिड घातली, आणि पुढची काही दशके जगभरचे अभियंते त्यातून अधिकाधिक स्वच्छ आवाज काढण्यासाठी झटले. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडरही त्याच मताचा होता. त्याला स्वच्छ आणि खणखणीत आवाज हवा होता. वादकांनी मात्र त्याच्या यंत्रांचा आवाज शेवटपर्यंत चढवला आणि संकेताचे माथे कापले जाऊ लागल्यावर उमटणारा खरखरीत, दाट ध्वनी त्यांना भावला. 1964 मध्ये ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यासाठी गिटारवादक डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला होता. अभियंत्यांनी ज्याला दोष मानले, त्याला वादकांनी गुण मानले. तो गुण हवा तेवढा आणि हवा तिथे आणण्याचा अभ्यास म्हणजे हा विषय.

घरी बांधणारा माणूस जुन्या मंडलात ‘फेरफार करतो’, आणि खरी रचना कारखान्यातले लोक करतात, असा एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जेटीएम 45 तयार झाला, तो जवळजवळ पूर्णपणे फेंडरच्या बासमन 5एफ6-ए या मंडलावर बेतलेला होता. बदलले ते घटक. पहिल्या जागी सुमारे 44 वर्धनांकाचा 12एवाय7 होता, तिथे 100 वर्धनांकाचा ईसीसी83 आला. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे घेतले. बासमनमध्ये उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर समांतर जोडून 2 ओहमचा भार तयार होई. मार्शलने बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर बंद पेटीत बसवले. नकाशा तोच राहिला आणि आवाज दुसराच झाला. बासमन आणि जेटीएम 45 ही दोन मंडले शेजारी ठेवून वाचणे हा मला या विषयातला सर्वांत फलदायी धडा वाटतो. कॅलिफोर्नियातल्याच रँडल स्मिथची मेसा-बूगी कंपनीसुद्धा फेंडरच्या लहानशा प्रिन्स्टनमध्ये केलेल्या फेरफारांतून उभी राहिली.

नवख्या वाचकाने मात्र बासमनपासून सुरुवात करू नये. त्याच्यासाठी योग्य मंडल फेंडर चॅम्प 5एफ1 हे आहे. त्यात तीनच व्हॉल्व आहेत : पुढे एक 12एएक्स7, शक्तीसाठी एक 6व्ही6 आणि एसीचे डीसी करणारा 5वाय3. स्पीकर आठ इंची, शक्ती पाच वॅटच्या आसपास. 12एएक्स7च्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट अशा तीन अग्रांचे व्हॉल्व, असतात आणि त्यांच्या मध्ये आवाजाचे बटण आहे. इतके थोडे घटक असल्यामुळे प्रत्येकाचे काम ऐकू येते.

पहिल्या ट्रायोडचेच पाहा. प्लेटवर 100 किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडखाली दीड किलोओहमचा. कॅथोडच्या रेझिस्टरमुळे ट्रायोड स्वतःलाच थोडे मागे खेचतो आणि त्याची वाढ सुमारे 32 पट राहते. त्या रेझिस्टरला समांतर 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की संकेतापुरता हा अडसर नाहीसा होतो आणि वाढ 61 पटींच्या जवळ जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. चॅम्पमध्ये वारंवार केला जाणारा फेरफार हाच. आता 25च्या जागी 0.68 मायक्रोफॅरड लावा. गणित सांगते की वाढ साधारण 150 हर्ट्झपासून चढू लागेल आणि 300च्या पुढे पूर्ण मिळत जाईल. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते, म्हणजे खर्जाला ही जादा वाढ फारशी मिळत नाही. एकट्याने ऐकताना आवाज किंचित पातळ भासेल. पण पुढचा टप्पा फाटू लागला की हाच आवाज सुटासुटा आणि नेमका राहतो, कारण गढूळपणा बहुधा खर्जातूनच येतो. मार्शलच्या अनेक मंडलांत हे 0.68 दिसते, ते या कारणाने.

कॅथोडचा रेझिस्टर वाढवला तर वेगळीच गंमत होते. ट्रायोडमधून वाहणारा प्रवाह घटतो, तो बंद पडण्याच्या सीमेजवळ जाऊन बसतो आणि लाटेची एक बाजू दुसरीच्या आधी कापली जाते. मार्शल 2203मध्ये एका टप्प्याला थेट 10 किलोओहम दिले आहेत. असमान कापलेल्या लाटेत सम गुणक स्वर, विशेषतः वरच्या सप्तकातला तोच स्वर, ठळक होतात. चॅम्पसारख्या एका शक्ती-व्हॉल्वच्या यंत्रातही ते टिकून राहतात. दोन व्हॉल्व आळीपाळीने ओढणाऱ्या मोठ्या यंत्रांत शक्तीच्या टप्प्यात उपजणारे असे स्वर बव्हंशी परस्परांना छेदतात.

अभ्यासाची शिस्त इथूनच ठरते. एका वेळी एकच घटक बदलावा, बदलण्याआधी काय होईल ते कागदावर काढावे, मग ऐकावे. केवळ कानावर विसंबणारा माणूस आवाज मोठा झाला की तो चांगला झाला असे समजतो. केवळ गणितावर विसंबणाऱ्याला आठ इंची स्पीकर आकडे किती बदलून टाकतो ते कळत नाही. महागड्या कपॅसिटरांच्या नावांवरून जे वाद होतात त्यांत वाचकाने वेळ घालवू नये. मूल्य आधी, जागा आधी.

ग्रंथसंपदा आता चांगली आहे. आरसीएची व्हॉल्व-पुस्तिका आणि ऑस्ट्रेलियात लँगफर्ड-स्मिथने संपादित केलेले ‘रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक’ हे दोन जुने आधार. त्यांत गिटारचा विचार नाही, पण पाया पक्का होतो. पूर्वटप्प्यांच्या रचनेसाठी मर्लिन ब्लेंकोचे पुस्तक मला सर्वांत सुबोध वाटते.

भारतात बांधणाऱ्याला एक गोष्ट अमेरिकी पुस्तके सांगत नाहीत. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज जुळवले तरी फ्रिक्वेन्सी जुळत नाही. केवळ 60 हर्ट्झसाठी काटकसरीने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात 50 हर्ट्झवर चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचाच गुंडाळून घ्यावा. शिवाय आपल्याकडे डीसीवर उरणारी गुणगुण 100 हर्ट्झची असते, म्हणजे जाड तारेवरच्या तिसऱ्या पडद्याच्या 98 हर्ट्झच्या स्वराला जवळजवळ चिकटलेली. तो स्वर वाजवताना ती कानाला विशेष खुपते, तेव्हा फिल्टरिंगमध्ये हात आखडू नये.

आणि जिवाची काळजी. या पेटीत 300 व्होल्टच्या वर डीसी असते आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. प्रत्येक वेळी रेझिस्टरमधून ते उतरवावे, मीटरने शून्य पाहावे, मगच हात घालावा. चासी तीन पिनांच्या वायरीने अर्थला जोडलेली हवीच. अनेक जुन्या अमेरिकी यंत्रांतली दोन पिनांची वायर आणि चासीला जोडलेला कपॅसिटर प्रथम काढून टाकावा. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधी चालवू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिल्या बैठकीसाठी एवढेच करा. चॅम्पचा नकाशा समोर घ्या. पहिल्या कॅथोडवर मीटर दीड व्होल्ट दाखवत असेल, तर दीड किलोओहममधून किती प्रवाह जातो ते काढा. उत्तर एक मिलिअँपिअर येईल. तोच प्रवाह प्लेटच्या 100 किलोओहममधून जातो, म्हणजे तिथे 100 व्होल्ट पडतात. मंडलाला त्या ठिकाणी 250 व्होल्ट मिळत असतील, तर प्लेटवर 150 सापडले पाहिजेत. तेवढे सापडले नाहीत, तर का, हा पुढचा प्रश्न.