से कॅथेड्रलसमोरचे ‘व्हडलें घर’

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च नौपाड्यापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. एके काळी ठाणे, साष्टी, वसई हा सारा मुलूख पोर्तुगीजांचा होता, आणि इथल्या ख्रिस्ती प्रजेच्या श्रद्धेचा निवाडा दूर जुन्या गोव्यातील एका घरात होत असे. ते घर से कॅथेड्रलसमोरच्या चौकात उभे होते, आणि ते कॅथेड्रलहूनही जुने होते.

मूळचा हा वाडा विजापूरच्या आदिलशाहीचा. युसूफ आदिलशहा इराणातील सावा गावचा मानला जातो; त्यावरून तो ‘सवाई’, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी ‘सबायो’ झाला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा जिंकला, तेव्हा सबायोचा वाडाही त्याच्या हाती आला. पुढे चार दशकांहून अधिक काळ पोर्तुगीज राज्यकर्त्यांचा मुक्काम तिथेच होता. १५५४ मध्ये ते मांडवीकाठच्या किल्ल्यातील राजवाड्यात राहायला गेले.

रिकामा वाडा फार दिवस रिकामा राहिला नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याला ही वास्तू मिळाली. समोरच्या कॅथेड्रलचे काम त्यानंतर, १५६२ मध्ये सुरू झाले. पोर्तुगीज या वास्तूला ‘सांता काझा’, पवित्र घर म्हणत. गोवेकरांनी तिला नुसते ‘व्हडलें घर’, म्हणजे मोठे घर म्हटले. ज्याचे खरे नाव उच्चारणेही नकोसे वाटते, त्याला लोक असेच साधे नाव देतात.

आतले वर्णन मिळते ते शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याकडून. दमणला असताना बाप्तिस्मा, मूर्तिपूजा आणि खुद्द धर्मन्यायालय यांविषयी तो मोकळेपणाने बोलला. तेथील गव्हर्नरच्या मत्सरानेही आपला घात केला, असा त्याचा संशय होता. १६७३ मध्ये त्याला अटक झाली आणि वसईमार्गे गोव्यास नेण्यात आले. दर्शनी बाजूस तीन दरवाजे, त्यांतला मधला सर्वांत मोठा. आत सुमारे दहा फूट लांबी-रुंदीच्या दोनेकशे कोठड्या, असे तो सांगतो. एकांतवासाला कंटाळून त्याने आत्महत्येचेही प्रयत्न केले. जानेवारी १६७६ मध्ये पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली आणि कैद्यांची अनवाणी मिरवणूक निघाली. देलाँला पाच वर्षे गलबतावर सक्तमजुरीची शिक्षा झाली, तर काहींना त्याच दिवशी जाळण्यात आले. कॅथेड्रलच्या उरलेल्या मनोऱ्यातील ‘सोन्याची घंटा’ तीच, असे सांगितले जाते. देलाँचे पुस्तक १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे नाव अ. का. प्रियोळकर यांचे, त्यांनी १९६१ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात हा वृत्तान्त पुन्हा उजेडात आणला.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, आणि उत्तरेकडच्या या मुलखातून त्या घराची सत्ता उठली. गोव्यात मात्र ती टिकली. १७७४ मध्ये न्यायालय बंद झाले, पण चारच वर्षांत पुन्हा सुरू झाले. १८०८ मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन हा स्कॉटिश पाद्री तिथे गेला, तेव्हा त्याला दिवाणखान्यापर्यंत प्रवेश मिळाला. कोठड्या मात्र दाखवल्या नाहीत. न्यायाधीश-पाद्रीशी त्याने देलाँच्या पुस्तकावर चर्चा केली. त्या पाद्रीने कोठड्यांचे वर्णन खोडून काढले नाही. न्यायालयाच्या हेतूंविषयीचे देलाँचे म्हणणे तेवढे त्याला मान्य नव्हते.

१८१२ मध्ये न्यायालय कायमचे बंद झाले. त्याच्या दप्तरातील बहुतेक खटल्यांची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. राजधानी तोवर पणजीकडे सरकली होती, साथींनी जुने शहर ओस पडत होते. १८३० च्या सुमारास वाडाही पाडण्यात आला. दप्तर आणि भिंती, दोन्ही साक्षीदार असे थोड्याच वर्षांच्या अंतराने गेले.

आज सेंट कायतानच्या चर्चजवळ काळ्या दगडाचा एकाकी दरवाजा दिसतो आणि ‘आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा’ म्हणून त्याची छायाचित्रे घेतली जातात. तो मांडवीकाठच्या राजवाड्याचा. राज्यकर्ते सबायोचा वाडा सोडून जिथे गेले, तिथला. ‘व्हडलें घर’ जिथे होते, त्या चौकात त्याचा एकही दरवाजा उरलेला नाही.