‘खाऊन बघ’ला जपानीत काय म्हणतात?

परभणीचं पोर जपानी शिकायचं ठरवतं तेव्हा बहुधा पुणे गाठतं. तिथे रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खाजगी क्लासही आहेत. व्याकरण मात्र बहुतेक वेळा इंग्रजीतून समजावतात. ज्याचं इंग्रजी कच्चं, त्याला एका भाषेसाठी दोन घाट चढावे लागतात. हे मला खटकत आलंय, म्हणून दुसरी भाषा शिकवण्याच्या संशोधनाचा इतिहास चाळला.

१९५७ साली रॉबर्ट लाडो यांनी मांडलं, की विद्यार्थ्याची भाषा आणि शिकायची भाषा शेजारी ठेवा. जिथे फरक, तिथे तो अडणार. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी रोख बदलला: मुलं खरोखर कोणत्या चुका करतात ते पाहा, त्यातून शिकणं कसं चाललंय ते कळतं. पुढे संवादावर भर आला आणि मातृभाषेशी तुलना मागे पडली.

मराठीपुरतं बोलायचं तर हे नुकसानीचं झालं. कारण १९७६ साली कॉलिन मसिका यांनी भारतीय भाषांच्या वैशिष्ट्यांचा नकाशा काढला, तेव्हा त्यातली कित्येक थेट जपानपर्यंत पोचलेली दिसली. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’. ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. ‘वाताशि गा किनो योंदा होन’ची उकल करा: मी, काल, वाचलेलं, पुस्तक. शब्दांचा क्रमसुद्धा हलवावा लागत नाही! इंग्रजीत हेच वाक्य उलटं फिरवावं लागतं.

जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेत काम केलेले प्रशांत परदेशी आणि पीटर हूक यांनी सहकाऱ्यांसोबत २००६ मध्ये आशियाई भाषांतल्या ‘खाणे’वर लेख लिहिला. आपल्याकडे काम वेळ खातं, गाडी पेट्रोल खाते. जपानीतही वेळ आणि पेट्रोल दोन्ही ‘खाल्लं’ जातं.

सगळंच जुळतं असं नाही. आपलं ‘दिलं’ दोन्ही दिशांना चालतं. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला दिलं तर ‘कुरेरु’. इथे मराठी पोरं हमखास घसरतात, आणि कॉर्डर यांचं म्हणणं उपयोगी पडतं. कांजी लिपीत तर मातृभाषेची काहीच मदत नाही.

आता हा प्रश्न पोटाचाही झालाय. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानने कुशल कामगारांसाठी करार केला. त्या वाटेने जायला कामाची परीक्षा लागते आणि जपानीची: एन-४ किंवा संगणकावरची जेएफटी-बेसिक. इंग्रजीची परीक्षा त्यात कुठेच नाही. मग शेती किंवा वृद्धसेवेच्या कामासाठी निघालेल्या परभणीच्या पोराला ‘मिरु’ समजवायला आधी ‘ट्राय’ कशाला हवं? ‘खाऊन बघ’ म्हटलं की दोन मिनिटांत कळतं. उरलेला तास कांजीला द्यावा.