आवणी, जत्रा आणि शेवटचे वर्ष : मुळशीतील पदवी शिक्षणाच्या वेळापत्रकाचा इतिहास

विद्यापीठीय शिक्षणाच्या इतिहासलेखनात अभ्यासक्रम, माध्यम आणि परीक्षा यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु विद्यार्थ्याच्या वर्षाची वाटणी कोणी केली आणि ती कोणाच्या सोयीची ठरली, या प्रश्नाकडे क्वचितच लक्ष गेले आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी अभ्यास, घर, जवळची नाती आणि विश्रांती यांचा मेळ घालणे हा आज विद्यार्थ्याच्या शिस्तीचा, फार तर त्याच्या स्वभावाचा प्रश्न मानला जातो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्याचा गेल्या शतकाचा अनुभव पाहता मात्र हा प्रश्न स्वभावापेक्षा पंचांगाचा आणि हंगामाचा अधिक आहे, असे म्हणावे लागते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि पुण्यातील महाविद्यालये १९४९ पर्यंत त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. जूनच्या सुमारास सुरू होणारे पहिले सत्र, दिवाळीची सुट्टी, दुसरे सत्र, वसंतातील परीक्षा आणि उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी हा आपल्याकडे रुळलेला आराखडा कचेऱ्या व न्यायालये यांच्या उन्हाळी सुट्टीशी जुळणारा होता. शेतीच्या कामांचा विचार त्यात फारसा दिसत नाही. ज्यांचे वडील कारकून, शिक्षक किंवा वकील होते, त्यांना तो सोयीचा होता. भातशेतीवर जगणाऱ्या घराला तो तसा नव्हता, आणि मुळशी हा मुख्यतः भाताचा तालुका आहे.

भाताचे वर्ष उन्हाळ्यातच सुरू होते. रोपे ज्या तुकड्यात वाढवायची तेथे पालापाचोळा, शेण, गवत आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या यांचे थर रचून ते भाजतात. या पद्धतीला राब म्हणतात, आणि त्यामुळे तणाचे बी जळून जमीन पेरणीस तयार होते. मृगाच्या आसपास पेरणी झाली की साधारण तीन आठवड्यांनी रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधल्या जातात आणि चिखलणी केलेल्या खाचरात त्यांची लावणी होते, जिला मावळपट्ट्यात आवणी असेही म्हणतात. हे काम लांबवता येत नाही, कारण रोप जुने झाले की त्याला फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. ते एकट्या घराच्या हातानेही उरकत नाही, म्हणून सावड करतात, म्हणजे एका घराने दुसऱ्याच्या खाचरात राबायचे आणि त्याने तितक्याच माणसांनिशी परतफेड करायची. सावडीत पैशाचा हिशेब नसतो, माणसांचा असतो. त्यामुळे महाविद्यालयात गेलेला मुलगा आवणीच्या दिवसांत घरी आला नाही, तर केवळ दोन हात कमी पडत नसत. घराची वाडीतील पतच कमी होत असे. जुलै महिन्यात वर्गातील हजेरीपटावर जे नाव गैरहजर दिसे, ते पुष्कळदा गुडघाभर चिखलात, इरले किंवा पुढच्या काळात प्लॅस्टिकचा कागद पाठीवर घेऊन उभे असे.

वर्षाचा दुसरा पेच चैत्राचा. मावळ-मुळशीतील गावोगावच्या जत्रा प्रामुख्याने चैत्रात भरतात, कारण रब्बी हाताशी आलेली असते आणि पावसाला अवकाश असतो. नेमका हाच काळ वार्षिक परीक्षांचा. हिंजवडीच्या म्हातोबाची बगाड यात्रा चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी होते. लांब आडव्या लाकडाच्या टोकाला गळ लावून घेणारा मानकरी, ज्याला गळकरी म्हणतात, त्याच्यासह हे बगाड हिंजवडीहून वाकडपर्यंत नेले जाते. ज्या गावाच्या माळावर पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या गावातील पदवीधर मुलांनाही त्या दिवशी घरी असणे चुकत नाही.

जत्रेचे हे बंधन किती घट्ट आहे, हे मुंबईतील डबेवाल्यांच्या सुट्टीवरून कळते. घरचे जेवण कार्यालयात पोहोचवणारी ही सेवा महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केली असे मानले जाते, आणि तिच्यातील बहुतेक माणसे मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली आहेत. वर्षभर न चुकणारी ही सेवा मार्च-एप्रिलच्या सुमारास काही दिवस सामूहिक रजेवर जाते, ती गावच्या जत्रेसाठी. म्हणजे वर्षाचे उरलेले महिने मुंबईत असलेला बाप ज्या आठवड्यात घरी येतो, त्याच आठवड्यात त्याचा मुलगा परीक्षेच्या खोलीत असतो. कौटुंबिक सहवासाची मोसमी टंचाई ज्या समाजात आहे, तेथे जत्रा बुडवून अभ्यास करणे याला नुसती निष्ठा म्हणून चालत नाही. त्याची किंमत घरातील दोन्ही पिढ्या मोजतात.

येथे पुण्याच्या जुन्या विद्यार्थिजीवनाकडे वळणे आवश्यक आहे, कारण सगळा वेळ अभ्यासालाच देणारा, घरापासून मोकळा विद्यार्थी ही कल्पना फार जुनी नाही. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी महादेव गोविंद रानडे यांचे लग्न विद्यार्थिदशेतच झाले होते. बाळ गंगाधर टिळक यांचा विवाह १८७१ मध्ये, मॅट्रिक होण्यापूर्वीच झाला. डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर त्यांनी पहिले वर्ष मुख्यतः व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांना दिले आणि त्यासाठी परीक्षेतील यश पणाला लावले. चरित्रकार हा प्रसंग कौतुकाने सांगतात. वर्ष वाया गेले तरी ते पेलू शकणारे घर मागे होते, एवढी नोंद त्या कौतुकाबरोबर करायला हवी. गोपाळ गणेश आगरकरांच्या मागे तसे घर नव्हते आणि त्यांना प्रत्येक सत्र पैशाच्या ओढाताणीत काढावे लागले.

गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय त्या काळी दोन प्रथांनी होत असे. माधुकरी म्हणजे ठरावीक घरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे. वार लावून जेवणे म्हणजे आठवड्याच्या सात वारांना सात घरे ठरवून त्या त्या घरी पंक्तीला बसणे. दुसऱ्या प्रथेत विद्यार्थ्याचे नाते एका घराशी न राहता सात घरांशी जोडले जाई, आणि प्रत्येक घरची सोवळ्याची वेळ, श्राद्ध-पक्ष, उपासतापास सांभाळून अभ्यासाची वेळ काढावी लागे. या व्यवस्थेचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत; परंतु ती प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती, हे विसरता येत नाही. मुळशीतील मराठा, धनगर, महादेव कोळी किंवा कातकरी मुलाला पुण्यातील त्या सात घरांची दारे उघडी नव्हती. इतर समाजांतील मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहांनी होऊ लागली, आणि त्यात कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निघालेल्या वसतिगृहांचा वाटा मोठा आहे.

मुळशीच्या बाबतीत वसतिगृहाआधी एक मोठी मोडतोड झाली. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार हे स्पष्ट झाल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व पुढे सेनापती म्हणून ओळखल्या गेलेल्या पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले. बापट हे डेक्कन कॉलेजचे पदवीधर; शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यास गेले असताना ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली होती. असहकाराच्या त्याच वर्षी सरकारी महाविद्यालये सोडणाऱ्या तरुणांसाठी पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. मुळशीतील शेतकरी मुलाला मात्र सोडून देण्यासारखे महाविद्यालय मिळालेलेच नव्हते. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालून मोडला, धरण झाले, खोऱ्यातील उत्तम भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि घरातील कर्ता पुरुष मुंबईला जाण्याचे प्रमाण वाढले. मागे राहिलेल्या थोड्या जमिनीवर आवणीच्या वेळी मुलांचीच गरज अधिक भासू लागली.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि ग्रामीण मुलांचा ओघ शहराकडे सुरू झाला. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये निघालेल्या विद्यार्थी सहायक समितीने खेड्यातील गरजू मुलांच्या निवास-भोजनाची सोय केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेले कमवा आणि शिका हे तत्त्व पुणे विद्यापीठानेही योजनारूपाने स्वीकारले. त्यात विद्यार्थी ठरावीक तास काम करून खर्चाचा काही भाग मिळवतो. ज्यांना गाव सोडणेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी बहिःस्थ परीक्षार्थी होण्याची, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देण्याची, वाट होती, आणि १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ती रुंद केली. शिक्षणसंस्थांच्या वर्तुळात या वाटेला दुय्यम समजले गेले. घराचे आणि शेताचे वेळापत्रक गृहीत धरणारी व्यवस्था मात्र तीच होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अनंतराव पवार महाविद्यालय पिरंगुटला झाले आणि तालुक्यातल्या तालुक्यात पदवी घेता येऊ लागली. घर जवळ आले, तशी घरची कामेही जवळ आली.

लग्नाचा संबंध शेवटच्या वर्षाशी जुळला तो कायद्यामुळे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ आणि २१ झाले. त्याच दशकात दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी ही रचना रूढ झाल्याने सरळ शिकत गेलेला विद्यार्थी विसाव्या-एकविसाव्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षात पोहोचू लागला. रानडे-टिळकांच्या पिढीत लग्न शिक्षणाच्या आधी होते. आता ते शिक्षण संपण्याची वाट पाहू लागले. चातुर्मासात लग्ने होत नाहीत, त्यामुळे आवणीच्या काळात घरात लग्नाचा विषय मागे पडतो. तुळशीच्या लग्नानंतर स्थळे पाहणे सुरू होते आणि लग्नसराईचा भर एप्रिल-मे महिन्यांत येतो. मुलींच्या बाबतीत त्यामुळे शेवटचे वर्ष ही एक मुदत झाली, जी अनुत्तीर्ण होऊन वाढवता येत नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील महाविद्यालयीन तरुण-तरुणींना प्रेमासाठी जो निवांत वेळ मिळतो, तो पौडच्या एस.टी. थांब्यावर शेवटच्या गाडीकडे डोळे लावून उभ्या असलेल्या मुलीला कधीच मिळाला नाही.

मुळशीच्या टेकड्यांवर दरम्यान एक वेगळेच विद्यार्थिजीवन वसले. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था काढली, ती परदेशी विद्यार्थ्यांचे एकाकीपण पाहून. काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या देशातील मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून जेवण देत असे, हे दृश्य त्या संस्थेच्या जन्माचे निमित्त म्हणून सांगितले जाते. तिच्या विद्यापीठाचे मुख्य संकुल आज लवळ्याला आहे, शेजारी फ्लेम विद्यापीठ आहे, आणि पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालते. यांपैकी महिंद्रा कॉलेज हे पदवीपूर्व दोन वर्षांचे विद्यालय आहे, आणि तेथील अभ्यासक्रमात कला, खेळ व समाजसेवा यांना वेळ देणे ही उत्तीर्ण होण्याची अट आहे. अभ्यासाबाहेरच्या वेळेला शैक्षणिक मान्यता देणारी व्यवस्था या तालुक्यात आहे, पण डोंगरावर. पायथ्याच्या गावातील मुलाने खाचरात घालवलेल्या पंधरा दिवसांची नोंद फक्त गैरहजेरी म्हणून होते.

शेवटच्या वर्षाला विद्यापीठे किती वेगळे मानतात, हे २०२० मध्ये उघड झाले. करोनाच्या साथीत राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती मान्य केली नाही, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, पण अंतिम परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येणार नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या त्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये, मुख्यतः ऑनलाइन झाल्या. मुळशीत तो भातकापणी सुरू होण्याचा काळ. घर, खळे आणि परीक्षेची खोली तेव्हा एकाच छपराखाली आली.

सत्र पद्धतीने, ज्यात वर्षाला दोनदा परीक्षा होते, हा पेच कमी न होता दुप्पट झाला आहे : हिवाळी परीक्षा कापणी-झोडणीवर येते आणि उन्हाळी परीक्षा जत्रा व लग्नसराईवर. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला असून, मधल्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची व पुन्हा परतण्याची मुभा दिली आहे. परंतु आवणीसाठी पंधरा दिवस हवे असणाऱ्याला एक वर्ष बाहेर पडण्याची सवलत देऊन त्याचा प्रश्न सुटत नाही. विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेच्या तारखा तालुक्याच्या हातात नाहीत. अंतर्गत मूल्यमापनाच्या, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः घ्यावयाच्या चाचण्यांच्या आणि प्रकल्प सादर करण्याच्या तारखा बऱ्याच अंशी आहेत. मुळशीतील महाविद्यालयांनी निदान त्या तरी जुलैचा दुसरा पंधरवडा आणि गावची जत्रा सोडून ठेवाव्यात.