पिवळ्या गोळीची कुळकथा

औषधाच्या दुकानात जिचे मोल विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नाही इतकी जी स्वस्त आहे, आणि गर्भ राहण्याच्या आधीपासून जी घेतली असता अर्भकाच्या मेंदूची व कण्याची घडण बिघडण्याचा संभव पुष्कळच कमी होतो, त्या फॉलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळीचे मूळ शोधीत मागे गेले तर वाट मुंबईतल्या परळास येऊन पोहोचते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर असेल. गोळी घडली अमेरिकेत, तिचे हे विशेष सामर्थ्य सिद्ध झाले इंग्लंडात, हे खरे. तथापि जिच्यापासून तिचा वंश सुरू होतो ती पहिली शंका आणि पहिला प्रयोग ह्या दोहोंचा जन्म मुंबईच्या गरीब, गरोदर आणि रक्तहीन झालेल्या बायकांच्या खाटेशी झाला.

परळास एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या इमारतीत 1899 मध्ये प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली आणि 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी दाखल झाल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकून पुढे लंडनला वैद्यकाची पदवी घेतलेल्या ह्या बाईंना बोलावणे आले होते ते प्रसूतीच्या काळात होणाऱ्या मातृमृत्यूंच्या चौकशीसाठी. ज्यांच्या प्रेरणेने हे घडले त्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाचाही तपास केलेला होता. गिरणगावातील व आसपासच्या वस्त्यांतील बायका गर्भारपणाच्या उत्तरार्धात पांढऱ्याफटक पडत, पाय सुजत, दोन पावले चालता धाप लागे, आणि त्यांतील कित्येक प्रसूतीच्या आगेमागे दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने मात्र अवाजवी मोठ्या दिसत, आणि लोह देऊनही त्या पूर्वपदावर येत नसत.

विल्सबाईंनी तपासास सुरुवात केली ती ह्या बायकांच्या राहणीपासून. तळपदे व माणेक मेहता ही दोन नावे त्यांच्या त्या काळच्या निबंधांवर सहलेखक म्हणून आढळतात. ह्या मंडळींनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचे खाणेपिणे, घराची हवा, उजेड ह्यांची पाहणी केली, आणि ज्यांचा आहार सर्वांत निकस अशा गरीब मुसलमान स्त्रियांत हा पांडुरोग सर्वांत अधिक आढळतो हे ध्यानात आणून दिले. रोगाचे मूळ जंतूंत किंवा विषात शोधण्याची त्या काळी सर्वत्र प्रवृत्ती असताना ताटात काय नाही हा प्रश्न विचारणे, आणि तो विचारण्यासाठी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून वस्तीत जाणे, ह्यातच त्या संशोधनाचे मोठेपण आहे असे मला वाटते.

पुढचे काम प्राण्यांवर झाले. मुंबईच्या गरीब स्त्रीच्या ताटाशी मिळताजुळता आहार उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन त्यांच्यात पांडुरोग उत्पन्न होतो काय, आणि झाल्यास तो कशाने हटतो, हे पाहण्यात आले. अमेरिकेत मायनट व मर्फी ह्यांनी 1926 मध्ये दुर्धर पांडुरोगावर यकृताचा आहार गुणकारी असल्याचे दाखविले होते. परंतु यकृताचा अर्क महाग, आणि आपल्याकडील कित्येक स्त्रियांना तो धर्माचरणाच्या दृष्टीनेही अग्राह्य. विल्सबाईंनी यीस्टचा अर्क वापरून पाहिला. इंग्लंडात पावाला लावून खाण्यासाठी मार्माइट नावाने बाटलीत भरून विकला जाणारा, बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट पदार्थ देताच निकृष्टावस्थेस पोहोचलेले माकड सुधारले, आणि तोच मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्यांच्याही रक्तातील नव्या पेशींची संख्या झपाट्याने वाढू लागली. हा वृत्तान्त 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली: यकृताचा कच्चा अर्क ह्या स्त्रियांना लागू पडतो, परंतु शुद्ध करीत नेलेला, दुर्धर पांडुरोगावर मात्र रामबाण ठरलेला अर्क त्यांना लागू पडत नाही, सबब यीस्टमध्ये व कच्च्या यकृतात जे द्रव्य आहे ते निराळे असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्याला पुष्कळ वर्षे ‘विल्स फॅक्टर’ असेच म्हणत.

त्यानंतरची दहाबारा वर्षे ह्या द्रव्याच्या अज्ञातवासाची होत. माकडांवर काम करणाऱ्यांनी त्याला एक नाव दिले, कोंबड्यांच्या पिलांवर काम करणाऱ्यांनी दुसरे, जिवाणू वाढविणाऱ्यांनी तिसरे; आणि आपण सर्व एकाच द्रव्याच्या मागे आहोत ह्याची रुजुवात व्हायला बराच काळ जावा लागला. टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स ह्यांनी चार टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले आणि 1941 मध्ये, पानातून लाभले म्हणून, पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. ते शुद्ध स्फटिकरूपात हाती आले, त्याची रचना उलगडली आणि 1945 मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार झाले ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत. आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम् येथे 1895 मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांच्या चरित्राकडे जरा थांबून पाहिल्यावाचून पुढे जाववत नाही. तारुण्यात त्यांचे भाऊ संग्रहणीने गेले. स्वतः सुब्बारावही ‘ट्रॉपिकल स्प्रू’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच जातीच्या व्याधीने मरणाच्या दारापर्यंत जाऊन परतले, आणि त्यातून त्यांना उठविणारे वैद्य होते मद्रासचे आचंट लक्ष्मीपती. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण आटोपून, तेथील आयुर्वेद महाविद्यालयात काही काळ शिकवून हा गृहस्थ जवळजवळ रिक्त हस्ताने बोस्टनला गेला. ज्या व्याधीने घर उजाड केले त्या स्प्रूवर फॉलिक ॲसिड गुणकारी ठरते, हे ते द्रव्य हाती येताच थोड्याच अवधीत वैद्यकाला कळून आले. ज्याने घरातच हा रोग पाहिला आणि ज्याच्या देखरेखीखाली त्याचे औषध निर्माण झाले असा दुसरा मनुष्य वैद्यकाच्या इतिहासात मला तरी आठवत नाही. 1948 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत रक्तक्षयाने निस्तेज झालेल्या गर्भिणींसाठी ही पिवळी भुकटी उपलब्ध झालेली होती.

येथपर्यंतची कथा रक्ताची झाली. गर्भाच्या घडणीशी ह्या द्रव्याचा संबंध कोणाच्या मनातही नव्हता, आणि तो प्रथम ध्यानात आला तो ह्याच द्रव्याच्या वैऱ्याकडून. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडच्या कार्यात विघ्न आणणारे ॲमिनॉप्टेरिन नावाचे रसायन बनविले होते, आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांवर ते वापरून काही काळ तरी रोगाला मागे हटविले होते. पेशींची वाढ रोखणारे हे औषध पुढे गर्भपातासाठीही वापरले गेले, आणि ज्या गर्भांचा त्याने अंत झाला नाही त्यांच्यात घोर व्यंगे आढळल्याचे 1952 मध्ये थियर्श ह्यांनी नोंदविले. त्या काळी हे टिपण थोड्यांनीच वाचले असेल. परंतु द्रव्य अडविले की गर्भ बिघडतो, तर मग द्रव्य कमी पडले तरीही बिघडत असेल काय, हा प्रश्न त्याच्या पोटी दडलेला होता.

तो उघडपणे विचारला गेला लिव्हरपूलला. गर्भाच्या पाठीवर प्रारंभी पेशींचा एक पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात आणि त्यांची नळी होते, व ह्याच नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. हे मिटणे गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत पुरे होते. नळी खालच्या बाजूस उघडी राहिली तर कणा दुभंगलेले, स्पायना बायफिडा झालेले मूल जन्मते, ज्याच्या पायांत बहुधा बळ नसते, लघवीवर ताबा नसतो, डोक्यात पाणी साठते. वरच्या बाजूस उघडी राहिली तर मेंदू व कवटी घडतच नाहीत आणि ते मूल जगत नाही. एलिझाबेथ हिबर्ड व रिचर्ड स्मिथेल्स ह्यांनी अशा मुलांच्या मातांची तपासणी करून, त्यांच्यापैकी अनेकींच्या शरीरात फॉलिक ॲसिडच्या वापरात उणीव दिसते असे 1965 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिले. आपल्याकडे अशा मुलाच्या आईला ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस काय, बाहेर उभी राहिलीस काय, असे विचारणारी माणसे आजही आहेत, आणि त्या बाईच्या पदरी दुःखावर अपराधाचे ओझे येते. ज्या काळात ती नळी मिटली किंवा मिटायची राहिली, त्या काळात गर्भ राहिल्याचेच तिला बहुधा ठाऊक नव्हते. तिने काही केले म्हणून हे झालेले नसते, आणि हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

स्मिथेल्स ह्यांनी पुढे लीड्सहून, पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे देऊन पाहिली. 1980 मध्ये त्यांनी जाहीर केले की, ज्यांनी ती नीट घेतली त्यांच्या 178 अर्भकांत व गर्भांत एकच सदोष निघाला, आणि ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या 260 मध्ये तेरा. आक्षेप आला: जीवनसत्त्वे घेणाऱ्या बायका मुळातच अधिक जागरूक व सुस्थित असतील, तेव्हा श्रेय गोळीला कसे द्यावे? आक्षेप शास्त्रीय दृष्ट्या योग्य होता. म्हणून निकोलस वॉल्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील 33 केंद्रांत, पूर्वी असे मूल झालेल्या 1,817 स्त्रियांवर प्रयोग आरंभिला, ज्यात कोणाला काय मिळते हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरत होते. फॉलिक ॲसिड मिळालेल्या गटांत सहा गर्भ सदोष निघाले, न मिळालेल्या गटांत एकवीस. धोका 72 टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की 1991 मध्ये प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला, कारण आता गोळीवाचून कोणाला ठेवणे हाच अन्याय ठरला असता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचाही अशाच स्वरूपाचा प्रयोग त्या वेळी चालू होता. इंग्लंडचा निकाल आल्यावर तोही थांबविला गेला. पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही संरक्षण मिळते हे पुढच्याच वर्षी हंगेरीत चाइझेल व दुदाश ह्यांनी दाखविले. अमेरिकेच्या आरोग्यखात्याने 1992 मध्ये अपत्यक्षम वयाच्या प्रत्येक स्त्रीला रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळावे असे सुचविले, आणि 1998 पासून तेथील पिठात दर शंभर ग्रॅमला 140 मायक्रोग्रॅम ते मिसळणे सक्तीचे झाले.

आता आपल्याकडे. पांडुरोगाच्या निवारणार्थ गर्भिणींना लोह व फॉलिक ॲसिड ह्यांची संयुक्त गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला आणि आज आशाताई व अंगणवाडीसेविका ह्यांच्यामार्फत ती लाल गोळी खेडोपाडी पोहोचते. ह्या कामाबद्दल त्या स्त्रियांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ही गोळी रक्तासाठी आहे आणि ती सुरू होते चौथ्या महिन्यात. पहिल्या तिमाहीत, किंबहुना गर्भ राहण्याच्या आधीपासून, 400 मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची स्वतंत्र गोळी घ्यावी अशी शिफारस 2018 च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ धोरणात आहे. तथापि सरकारी दप्तरात बाईचे नाव गर्भवती म्हणून चढते ते पाळी चुकल्यानंतर केव्हातरी, आणि पाळी चुकल्यापासून जेमतेम दोन आठवड्यांत नळी मिटून गेलेली असते. स्वस्त धान्य दुकानांतील पोषणयुक्त तांदळातही फॉलिक ॲसिड घातलेले असते, पण त्याचे प्रमाण किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम, म्हणजे अमेरिकेच्या पिठातील प्रमाणाच्या दशांशाहूनही कमी. त्याच्यावर विसंबून गोळी टाळता येणार नाही. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग ह्यांत हे सत्त्व निसर्गतःच असते आणि ती खावीतच. परंतु भाजी उकडून पाणी ओतून दिले की त्यातले बरेचसे त्या पाण्याबरोबर जाते, आणि ह्या व्यंगांपासून रक्षणाइतकी मात्रा रोजच्या जेवणातून नेमाने मिळेलच अशी खात्री देता येत नाही.

एक सावधगिरी मात्र महाराष्ट्राने विशेषेकरून बाळगली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा बहुसंख्य मातांत ब-12 ह्या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. शरीरात ही दोन द्रव्ये एकमेकांच्या साहाय्याने काम करतात. एकट्या फॉलिक ॲसिडने रक्ताचे चित्र सुधारून ब-12 ची उणीव झाकली जाऊ शकते. म्हणून शाकाहारी घरांतील मुलींनी गोळी सुरू करतानाच ब-12 चीही तपासणी करून घ्यावी. पूर्वी सदोष मूल झालेल्या किंवा फेफऱ्यावरील औषधे घेणाऱ्या स्त्रियांना लागणारी मात्रा कितीतरी मोठी असते, आणि ती वैद्याने ठरवायची असते.

माझी तजवीज साधी आहे. प्रत्येक उपकेंद्रात गर्भवतींच्या नोंदवहीच्या आधीची एक वही असते, जननक्षम जोडप्यांची, आणि कुटुंबनियोजनाच्या निमित्ताने आरोग्यसेविका ती अनेक वर्षे ठेवीत आल्या आहेत. नवी सून गावात आली की तिचे नाव त्या वहीत चढते. त्याच भेटीत, मूल इतक्यात हवे की नको हे विचारताना, हवे असेल तर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तिच्या हाती द्याव्यात, त्या आजपासून घ्यायच्या आणि दिवस राहिल्यावर तीन महिने चालू ठेवायच्या हे तिला, तिच्या नवऱ्याला व सासूला एकत्र बसवून सांगावे, आणि त्या वहीत ह्या गोळ्यांचा एक रकाना आखून घ्यावा.